खताच्या पोत्याची संगत

अमेरिकेत टेक्सास राज्यात वेस्ट नावाचं एक गाव आहे, वस्ती जेमतेम २८००. गावाच्या कडेला खत-बियाण्यांचा एक व्यापारी होता. आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रासारखाच, फक्त पसारा मोठा. १७ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला तिथून धूर दिसू लागला आणि गावातले स्वयंसेवक बंब घेऊन धावले. वीस-बावीस मिनिटांतच सुमारे ३० टन अमोनियम नायट्रेट हे पांढरं दाणेदार खत एका दणक्यात उडालं. १५ जण गेले. त्यांतले १२ आग विझवायला आणि मदतीला आलेले होते.

त्या आवारात अमोनियाच्या टाक्याही होत्या आणि कागदोपत्री भीती होती ती त्यांचीच. आपत्ती आराखड्यात विचार केला होता तो वायुगळतीचा. स्फोटानंतर टाक्या शाबूत उभ्या होत्या. घात केला तो पांढऱ्या दाण्यांच्या ढिगाने.

हे दाणे तसे गरीब. काडी लावली तर पेटत नाहीत. रसायनशास्त्रात अशा पदार्थाला ऑक्सिडीकारक म्हणतात: तो स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला ऑक्सिजन पुरवतो. साधारण १७० अंश सेल्सियसला अमोनियम नायट्रेट वितळतं आणि २०० च्या पुढे त्याचं विघटन वेग घेतं. उघड्यावर विघटनातून सुटलेले वायू निघून जातात. पण ढीग मोठा, उष्णता कोंडलेली आणि त्यात काजळी, तेल, लाकडाचा चुरा असं काही जळाऊ मिसळलेलं असेल, तर सगळा ढीग क्षणात नायट्रोजन, ऑक्सिजन आणि वाफ होऊन फुटू शकतो. म्हणजे प्रश्न खताच्या स्वभावाइतकाच त्याच्या संगतीचा आहे.

वेस्टमध्ये ही संगत कशी होती? इमारत लाकडी सांगाड्याची, खत साठवायचे कप्पे लाकडाचे, आग लागताच आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा नाही. छपराच्या डांबरी आच्छादनाची काजळीही ढिगात मिसळली असावी, असं तपासात मांडलं गेलं. आग लागली की कुणी लावली, यावर एकमत नाही. पण सिमेंटचे कप्पे असते, तर ढिगाला चिकटूनच सरपण रचल्यासारखं झालं नसतं, एवढं नक्की.

याच राज्यातल्या टेक्सास सिटी बंदरात १९४७ साली ग्रँडकँप जहाजावर असंच खत भरलं होतं. आग लागल्यावर, पाण्याने माल खराब होईल म्हणून झाकणं बंद करून आत वाफ सोडली. साध्या आगीवर हा उपाय चालतो, कारण हवा तोडली की आग गुदमरते. इथे ऑक्सिजन मालातच होता! कोंडल्यामुळे उष्णता तेवढी वाढली. मेले साडेपाचशेहून जास्त. अशी आग सुरुवातीलाच भरपूर पाण्याने थंड करायची असते. भडकलीच, तर माल आणि दुकान सोडून लांब जायचं.

आपल्या दुकानांत निव्वळ अमोनियम नायट्रेट मिळत नाही. वजनाने ४५ टक्क्यांहून जास्त अमोनियम नायट्रेट असलेल्या मालाला २०१२ च्या नियमांनुसार वेगळा परवाना लागतो. युरियाही ऑक्सिडीकारक नाही. मग आपण सुटलो का? द्राक्ष बागायतदाराला विचारा, ठिबकमधून तो काय सोडतो. ‘तेरा शून्य पंचेचाळीस’ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, जुन्या मराठीत सोरा. भुरी या बुरशीच्या रोगासाठी तो गंधक नेतो. गिऱ्हाईक एकच, म्हणून दुकानदार दोन्ही माल एकाच भिंतीला लावतो. सोरा, गंधक आणि कोळसा म्हणजे बंदुकीची दारू, हे शाळेतच शिकवलेलं असतं. त्यातले दोन जिन्नस शेजारी नांदत असतात. सोरा अमोनियम नायट्रेटसारखा एकटा तापून फुटत नाही, पण शेजारची किरकोळ आग तो बघता बघता भडकवतो. म्हणून नायट्रेटची थप्पी वेगळ्या, कोरड्या खोलीत हवी. गंधक, डिझेल, कीटकनाशकं आणि रिकामं बारदान दुसरीकडे.

माझ्या मते गोदामातला सर्वांत बेभरवशाचा माल मात्र कुठल्याच कंपनीचा नसतो. तो असतो झाडलोटीचं पोतं. फुटलेल्या गोणीतलं खत, सांडलेलं गंधक, कागद, ओल टिपायला टाकलेला भुसा असं सगळं त्यात भरून ते कोपऱ्यात उभं करतात आणि विसरतात. नायट्रेट सांडलं तर स्वच्छ, कोरड्या फावड्याने वेगळं भरावं. भुसा त्याच्या वाऱ्यालाही नको.

आणि साठ्याचं रजिस्टर. ते बहुधा गल्ल्याशेजारच्या खणात असतं, म्हणजे आग लागल्यावर जिथे कुणी जाऊ शकणार नाही तिथेच. दुकानात साठा आणि दराचा फलक तसाही लावावाच लागतो. तो दारापाशी असेल, रोजचा असेल आणि कुठल्या खोलीत काय आहे हेही त्यावर लिहिलेलं असेल, तर बंबावरून उतरणाऱ्या माणसाला आत शिरण्याआधी तो वाचता येईल.