"किती टाके पडले?" हा प्रश्नच चुकीचा आहे

नॉर्मल डिलिव्हरी झाली की भेटायला आलेल्या आत्या-मावश्यांचा पहिला प्रश्न मुलगा की मुलगी, आणि दुसरा, टाके किती पडले. कोणी सांगते पाच, कोणी बारा, आणि बारावालीकडे सगळ्या जरा जास्तच कळवळून बघतात. खरं तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही, कारण हल्ली बरेच डॉक्टर एकाच विरघळणाऱ्या धाग्याने सलग शिवत जातात, त्यात मोजणार काय? बाईला पुढे त्रास होणार की नाही हे जखम किती खोल गेली यावर ठरतं.

योनीमार्ग आणि शीची जागा यांच्या मधल्या भागाला पेरिनियम म्हणतात. तिथली फक्त कातडी फाटली तर पहिली डिग्री, बऱ्याचदा टाकाही लागत नाही. खालचे स्नायू फाटले तर दुसरी, ती शिवावी लागते पण बहुतेकींची नीट भरून येते. शी आणि गॅस धरून ठेवणारा गोल स्नायू फाटला की तिसरी, आणि फाटणं त्याच्याही आत गुदमार्गाच्या अस्तरापर्यंत गेलं की चौथी. खरी काळजी या शेवटच्या दोघींची. त्या लगेच ओळखून, चांगली भूल देऊन, जाणकार हातांनी शिवाव्या लागतात. नजरेतून सुटल्या तर पुढे गॅस रोखता येत नाही, कपडे खराब होतात, आणि बायका हे नवऱ्यालासुद्धा सांगत नाहीत, डॉक्टरला तर लांबच.

ब्रिटनच्या आकडेवारीत अशी गंभीर इजा पहिल्या बाळंतपणात साधारण ६ टक्के बायकांना होते आणि नंतरच्या बाळंतपणात २ टक्क्यांहून कमी. पहिलटकरणीचे स्नायू याआधी एवढे कधी ताणलेले नसतात, जोर लावायचा टप्पा लांबतो, बाळ ओढून काढायला चिमटा (फोर्सेप्स) किंवा व्हॅक्यूम लावायची वेळही तिच्यावरच जास्त येते. बाळ ४ किलोच्या वर असेल किंवा त्याचं तोंड आईच्या पोटाकडे असेल तर धोका आणखी वाढतो.

मग "फाटण्यापेक्षा आपणच नीट कापलेलं बरं" हा विचार आला कुठून? १७४२ मध्ये डब्लिनच्या फील्डिंग औल्ड यांनी अडलेल्या बाईसाठी असा काप, म्हणजे बाळाची वाट मोठी करायला पेरिनियमवर मुद्दाम दिलेला छेद (एपिसिओटॉमी), लिहून ठेवला, म्हणजे तेव्हा तो अडचणीतला उपाय होता. १९२० मध्ये शिकागोच्या जोसेफ डिली यांनी मात्र पहिलटकरणीला सरळ नेमानेच काप द्यावा असं मांडलं आणि ते पसरत गेलं. सरळ काप लवकर भरतो, मोठं फाटणं टळतं, अंग बाहेर येत नाही, असे दावे होते, ऐकायला एकदम पटणारे, पण कितीतरी वर्षं ते कोणी नीट तपासलेच नाहीत! १९९३ मध्ये अर्जेंटिनातल्या सुमारे २,६०० बायकांच्या चाचणीचे निकाल आले. एका गटात बहुतेकींना काप, दुसऱ्यात गरज असेल तरच. गंभीर फाटणं दोन्हीकडे जवळपास सारखंच, उलट कमी कापलेल्या गटात किंचित कमी, आणि दुखणंही कमी. अमेरिकेत १९७९ ला साधारण ६१ टक्के नॉर्मल डिलिव्हऱ्यांत काप दिला जायचा, २०१२ पर्यंत तो १२ टक्क्यांच्या आसपास आला.

यात एक साधी गोष्ट विसरली जाते. काप हीच मुळात दुसऱ्या डिग्रीची जखम आहे, म्हणजे जी कदाचित नुसती कातडीवर निभावली असती तिलाही आपण स्नायूपर्यंत नेतो. आणि कापडाच्या दुकानात बघा, दुकानदार काठाला कात्रीने छोटा काप देतो आणि मग हाताने टरकन फाडतो, तसाच हा कापही पुढे फाटत जाऊ शकतो. अमेरिकेत बरोबर मधोमध खाली काप द्यायची पद्धत होती, तो थेट गुदाच्या स्नायूत शिरायचा. आपल्याकडे तिरका देतात ते त्यामानाने चांगलं, पण तोही बाळाचं डोकं बाहेर यायच्या बेतात असून पेरिनियम ताणलेलं असताना मधल्या रेषेपासून साधारण ६० अंशात हवा.

काप नकोच असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावताहेत, किंवा पहिलटकरणीला चिमटा लावायचाय, अशा वेळी तो बऱ्याचदा द्यावा लागतो आणि तेव्हा वाद घालत बसू नये. तक्रार आहे ती सरसकट कापण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सरसकट काप नको असं स्पष्ट सांगितलंय, तरी आपल्याकडे कित्येक लेबर रूममध्ये पहिलटकरीण म्हटलं की कात्री ट्रेमध्ये तयारच असते. गर्दी असते, घाई असते, बाई टेबलावर उताणी आणि पाय वर बांधलेले, हे सगळं खरं, पण विचारायचं तरी!

आणि हा काप दुसऱ्या बाळंतपणातही सोबत येतो. २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात पहिल्या वेळी काप दिलेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्यांना दुसऱ्या वेळी दुसऱ्या डिग्रीचं फाटणं झालं, काप न दिलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे पाव होतं.

कशाने फायदा होतो? शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात पेरिनियमला तेलाचा मसाज केला तर पहिलटकरणीला काप लागायची शक्यता थोडी कमी होते. जोर लावताना त्या जागी कोमट पाण्याच्या कापडाचा शेक दिला तर गंभीर फाटणं कमी होतं, खर्च शून्य, तरी कोणी करत नाही. डोकं बाहेर येताना जोर थांबवून धापा टाकत हळूहळू येऊ द्यायचं. नंतर जागा पाण्याने धुवून कोरडी ठेवा, पोट साफ राहील असं खा, आणि टाक्यांवर शेगडीची धग घेऊ नका, आजीने कितीही आग्रह केला तरी, भाजतं.

पहिल्या वेळी तिसरी किंवा चौथी डिग्री झाली असेल तर ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि पुढच्या वेळी पहिल्याच तपासणीला दाखवा. पुन्हा तसंच होण्याची शक्यता ५ ते ७ टक्के असते, म्हणजे बहुतेकींची पुढची नॉर्मल डिलिव्हरी सुखरूप होते, आणि "मागच्या वेळी फाटलं होतं म्हणून यावेळी आधीच कापू" याला आधार नाही. पण गॅस किंवा शी अजूनही रोखता येत नसेल तर लाजू नका, तसं स्पष्ट सांगा, कारण अशा बाईला सिझर करायचं का हे डॉक्टरला तिच्याशी बोलूनच ठरवावं लागतं.