दीर्घ शस्त्रक्रियेतील शिरेवाटे द्रावयोजना

शस्त्रक्रिया कित्येक तास चालणार असेल, तेव्हा रुग्णाला शिरेतून कोणता द्राव, किती व कोणत्या वेगाने द्यायचा याविषयी भूलतज्ज्ञाने ठरवलेली योजना. ‘दीर्घ’ कशाला म्हणावे याची सर्वमान्य मर्यादा नाही; व्यवहारात तीन-चार तासांपलीकडे जाणाऱ्या पोटाच्या, छातीच्या, मेंदूच्या आणि प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया यात धरतात. पुण्यातील शस्त्रक्रियागृहे सरकारी असोत वा खासगी, बहुतेक काम दोनच बाटल्यांवर चालते : ०.९ टक्के मिठाचा द्राव म्हणजे ‘एनएस’ आणि रिंगर लॅक्टेट म्हणजे ‘आरएल’.

रक्तद्रवात दर लिटरला सोडियम १३५ ते १४५ आणि क्लोराइड साधारण १०० मिलिमोल असते. एनएसमध्ये दोन्ही १५४, म्हणजे क्लोराइड रक्तातल्यापेक्षा दीडपट. आरएलमध्ये सोडियम सुमारे १३०, क्लोराइड १०९, पोटॅशियम ४, थोडे कॅल्शियम आणि २८ मिलिमोल लॅक्टेट. या लॅक्टेटचे शरीरात, मुख्यतः यकृतात, बायकार्बोनेट होते. अ‍ॅसिटेटयुक्त संतुलित द्रावांत सोडियम १४० व क्लोराइड ९८, म्हणजे रक्ताच्या सर्वांत जवळ. मात्र ते महाग पडतात. ५ टक्के डेक्स्ट्रोजमधली साखर वापरली गेली की नुसते पाणी उरते आणि ते पेशींत शिरते, म्हणून रक्ताभिसरण भरून काढण्यास ते निरुपयोगी आहे.

०.९ टक्क्यांचा उगम : हा आकडा कोठून आला याबद्दल एकमत नाही. शिरेतून क्षारद्राव देण्याचा पहिला नोंदलेला यशस्वी प्रयोग १८३२ च्या पटकीच्या साथीत स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लॅटा यांनी केला. त्यामागची कल्पना विल्यम ब्रुक ओशॉनेसी या तरुण डॉक्टरांची. पटकीच्या रुग्णांच्या रक्तातले पाणी व क्षार घटतात हे त्यांनी रक्त तपासून दाखवले होते. (हेच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आले आणि हिंदुस्थानातील तारायंत्राचे जाळे उभारणारे म्हणून अधिक ओळखले गेले.) काही जुन्या संदर्भग्रंथांत लॅटा यांनाच आजच्या सलाईनचे जनक म्हटले आहे, पण त्यांच्या द्रावात मिठाबरोबर सोडाही होता आणि त्याचे प्रमाण आजच्याशी जुळत नाही. दुसरे मत डच शरीरक्रियावैज्ञानिक हार्टोख हाम्बुर्गर यांच्याकडे बोट दाखवते. साधारणपणे १८८० ते १९०० या काळात त्यांनी वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिठाच्या पाण्यात तांबड्या पेशी केव्हा फुटतात याचा अभ्यास केला आणि माणसाच्या रक्ताशी ०.९ टक्क्यांच्या आसपासचा द्राव जुळतो असे मांडले. ही निरीक्षणे परीक्षानळीतली होती. तो द्राव लिटरच्या हिशेबाने जिवंत माणसाला द्यावा असा निष्कर्ष त्यांतून निघत नाही. तरीही तो प्रघात कसा पडला, याचा थेट दुवा सापडत नाही असे या विषयाचा २००८ मध्ये मागोवा घेणाऱ्यांचे म्हणणे आहे. ते अधिक ग्राह्य वाटते.

आरएलची वंशावळ त्या मानाने स्वच्छ आहे. लंडनमध्ये १८८२-८३ च्या सुमारास सिडनी रिंगर बेडकाचे काढलेले हृदय क्षारद्रावात धडधडत ठेवत होते. ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले गेल्याचे उशिरा उमगले आणि धडधड टिकवणारे द्रव्य त्या पाण्यातले कॅल्शियम होते, हे त्यामुळे कळले. त्यात सोडियम लॅक्टेट घातले ते अमेरिकेतील सेंट लुइसचे बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी, १९३२ च्या आगेमागे. पुण्याच्या ससून रुग्णालयात १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींचे आंत्रपुच्छ काढले. वीज गेल्याने ती शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली, हे सर्वश्रुत आहे. आरएल जन्माला यायला तेव्हा आणखी आठेक वर्षे होती.

किती द्यायचा : द्राव कोणता यापेक्षा किती, हा वाद जास्त तीव्र आहे. जुनी आकडेमोड अशी : हॉलिडे व सेगर यांनी १९५७ मध्ये मुलांसाठी सुचवलेल्या सूत्रावरून पहिल्या १० किलोंना किलोमागे तासाला ४, पुढच्या १० किलोंना किलोमागे २ आणि उरलेल्या प्रत्येक किलोला १ मिली. ६० किलोच्या रुग्णाला तासाला १०० मिली होतात. तो आठ तास उपाशी असेल तर ८०० मिलीची तूट. पोट उघडून आठ तासांची शस्त्रक्रिया झाली, तर त्या काळाची नेहमीची गरज ८०० मिली. त्यावर ‘तिसऱ्या अवकाशा’त (रक्तवाहिन्या व पेशी यांच्याबाहेर द्रव अडकून राहतो अशी मानलेली जागा) जाणारा द्राव किलोमागे तासाला ६ मिली धरून २,८८० मिली. अर्धा लिटर रक्त गेले तर त्याच्या तिप्पट, दीड लिटर. बेरीज सहा लिटरच्या घरात. हे सर्व एनएसने भरले तर रुग्णाच्या अंगात ५४ ग्रॅम मीठ जाते.

या बेरजेतला सर्वांत मोठा आकडाच सर्वांत कच्चा आहे. टॉम शायर्स व सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये किरणोत्सर्गी सल्फेट वापरून पेशीबाह्य द्रव मोजला आणि मोठ्या शस्त्रक्रियेत तो वाजवीपेक्षा जास्त घटतो असे सांगितले. हा द्रव कोठल्या तरी तिसऱ्या अवकाशात अडकतो, म्हणून तेवढा बाहेरून द्यावा, असा अर्थ लावला गेला. व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांना भरपूर क्षारद्राव दिला गेला. मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण घटले, पण फुप्फुसांत पाणी भरलेले रुग्ण दिसू लागले. फ्रान्सिस मूर हे शायर्स यांचे विरोधक. १९६७ मध्ये दोघांनी मिळून संयमाचे आवाहन करणारे संपादकीय लिहिले, पण बाटल्या उघडणारे हात त्याने आवरले असे दिसत नाही. पुढील चिकित्सेत शायर्स यांच्या मापनाला सल्फेट सर्वत्र पसरण्याइतका वेळच दिला नव्हता, असा आक्षेप आला. जास्त वेळ देऊन केलेल्या मोजण्यांत ती तूट आढळली नाही. उघड्या पोटातून होणारे बाष्पीभवनही, आतडी पूर्ण बाहेर असली तरी, तासाला तीसेक मिलीच भरते. तिसरा अवकाश आता बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. पाठ्यपुस्तकांतून तो अजून गेलेला नाही.

लंबक मग दुसऱ्या टोकाला गेला. डेन्मार्कमध्ये २००३ साली मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांत द्राव आवळून दिल्यावर गुंतागुंती कमी दिसल्या. २०१८ मध्ये सुमारे ३,००० रुग्णांच्या चाचणीत पहिल्या २४ तासांत एका गटाला ३.७ तर दुसऱ्याला ६.१ लिटर द्राव मिळाला. वर्षाअखेरच्या अपंगत्वरहित जगण्यात फरक नव्हता, पण आवळलेल्या गटात मूत्रपिंडाची तीव्र इजा ८.६ टक्के, तर सढळ गटात ५ टक्के होती. त्यामुळे हल्ली कल किंचित सढळ बाजूला झुकलेल्या मध्यममार्गाकडे आहे.

शस्त्रक्रियागृहातली मोजदाद : सक्शनच्या बाटलीत लाल पाणी लिटरभर दिसते, पण त्यात धुण्याचे सलाईनही असते. म्हणून ‘सिस्टर, वॉश किती गेला?’ हा प्रश्न तासातासाला येतो आणि तेवढे वजा होते. भिजलेले मॉप (रक्त टिपण्याचे कापडी तुकडे) वजनकाट्यावर ठेवून कोऱ्या मॉपचे वजन वजा करतात. एक ग्रॅम म्हणजे अंदाजे एक मिली रक्त. चादरीखाली झिरपलेले रक्त कोणीच मोजत नाही. लघवी किलोमागे तासाला अर्धा मिली हवी असे म्हणतात. पण भूल, शस्त्रक्रियेचा ताण आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेला वायू यांनी ती तशीही घटते, आणि तिच्या मागे लागून बाटल्या ओतणे ही जुनी खोड आहे. धमनीत सुई असेल तर श्वासागणिक नाडीदाबात (वरच्या व खालच्या रक्तदाबातील फरकात) होणारा चढउतार पाहतात. तो १३ टक्क्यांहून जास्त असल्यास द्रावाचा बहुधा उपयोग होतो. हृदयाचा ठेका अनियमित असेल किंवा छाती उघडी असेल तर या आकड्यावर विसंबता येत नाही.

निवड : एनएस लिटरमागून लिटर दिल्यास क्लोराइड वाढून रक्त आम्लधर्मी होते. अतिदक्षता विभागांतील २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत मृत्यू व मूत्रपिंडाचे गंभीर परिणाम मिळून संतुलित द्रावांच्या गटात १४.३ आणि एनएसच्या गटात १५.४ टक्के होते; २०२१ व २०२२ च्या चाचण्यांत मृत्यूंत फरक दिसला नाही. पुरावा दुबळा असला तरी लांबणाऱ्या शस्त्रक्रियेत आरएल किंवा अ‍ॅसिटेटयुक्त द्राव पहिला, असाच बहुतेकांचा कौल आहे. अपवाद मेंदूचा : आरएल रक्तापेक्षा किंचित पातळ असल्याने सूज वाढण्याची भीती असते, तेथे एनएस योग्य. मूत्रपिंड प्रत्यारोपणात पोटॅशियमच्या धास्तीने एनएस देण्याची रीत होती. २००५ च्या चाचणीत उलटेच दिसले : एनएसच्या गटातच पोटॅशियम वाढले. मृत दात्यांच्या मूत्रपिंडांवरील २०२३ च्या चाचणीत संतुलित द्रावाने नवे मूत्रपिंड उशिरा चालू होण्याचे प्रमाण ४० वरून ३० टक्क्यांवर आले. यकृत प्रत्यारोपणात जुने यकृत काढल्यावर लॅक्टेट साचते, म्हणून तेथे अ‍ॅसिटेट बरे.

कलिल द्रावांपैकी (मोठे रेणू असल्याने रक्तवाहिन्यांत जास्त वेळ टिकतील अशा अपेक्षेने दिलेले द्राव) हायड्रॉक्सीएथिल स्टार्च एकेकाळी फार लोकप्रिय होता. एका जर्मन संशोधकाचे त्यावरील निबंध २०११ मध्ये मोठ्या संख्येने मागे घेतले गेले, २०१२ च्या चाचण्यांत मूत्रपिंडाला इजा दिसली आणि २०२२ मध्ये युरोपात त्याची विक्री स्थगित झाली. अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन सुरक्षित, पण महाग. डोक्याच्या दुखापतीत टाळावे.

पुण्यात : ससून १८६७ पासून, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय १९४६ पासून आणि सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून आहे. भारतातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपणही १८ मे २०१७ रोजी पुण्यातच झाले. ‘रात्री बारानंतर पाणीही नको’ ही सूचना मात्र अजून सर्रास ऐकू येते. साधे पाणी किंवा बिनदुधाचा चहा भुलेआधी दोन तासांपर्यंत चालतो. तो घेऊ दिला तर वर मांडलेली ८०० मिलीची तूट बरीचशी उरतच नाही.

रक्त चढवताना आरएल त्याच नळीतून देत नाहीत; त्यातल्या कॅल्शियममुळे पिशवीतले, रक्त गोठू न देणारे सायट्रेट निष्प्रभ होऊन गुठळी होऊ शकते. त्यासाठी दुसरी शीर राखून ठेवतात.