वजन तेच, म्हणजे ताकदही तीच?

‘साठीनंतर वजन घटले नाही, म्हणजे अंगातली ताकद शाबूत आहे, आता फक्त आराम करावा,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. तो सहज पटतो. परंतु वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही.

वयानुसार स्नायू घटणे आणि त्यासोबत ताकद किंवा हालचालीची क्षमता कमी होणे, याला सार्कोपेनिया म्हणतात. स्नायूंची जागा चरबीने घेतली, तर काटा तोच आकडा दाखवतो आणि मांड्या मात्र लेंग्यात सैल होत जातात. अशा पुरुषांत तोल जाऊन पडण्याचा व खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. शिवाय जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच शोषत असल्याने मधुमेहाशीही याचा संबंध येतो.

पडताळा घरीच घेता येतो. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर, हातांची घडी घालून, पाच वेळा उठून बसावे (सोबत कोणीतरी असावे). आशियाई लोकांसाठीच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा अधिक लागले, किंवा पुरुषाच्या पोटरीचा घेर ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. एवढ्यावरून निदान होत नाही. नुसत्या आरामाने स्नायू अधिकच झिजतात, उलट बेताने वजन उचलण्याच्या व्यायामाने नव्वदीतही ताकद वाढलेली आढळली आहे.