प्रोफाज शोधन

जीवाणूंना संसर्ग करणारे काही विषाणू, म्हणजे फाज, आपला डीएनए यजमानाच्या गुणसूत्रात घुसवून तिथेच मुक्काम ठोकतात. अशा मुक्कामी विषाणूला प्रोफाज म्हणतात. जीवाणूच्या जीनोमचा कोणता भाग प्रोफाजचा आहे, हे संगणकाच्या साहाय्याने ठरवणे म्हणजे प्रोफाज शोधन. ई. कोलाय या जीवाणूच्या ओ१५७:एच७ प्रकारातल्या साकाई वाणाचा सुमारे ५५ लाख अक्षरी (डीएनएची ए, टी, जी, सी ही अक्षरे) जीनोम २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १८ प्रोफाज निघाले आणि घातक शिगा विषाची जनुकेही प्रोफाजांतच होती.

जुना आणि अजूनही भरवशाचा मार्ग साम्यशोधाचा, म्हणजे ओळखीच्या फाजांशी साम्य शोधण्याचा. फाजचा डीएनए झपाट्याने बदलतो, त्यामानाने प्रथिने कमी बदलतात. म्हणून तुलना प्रथिनांची करतात. फाजसदृश जनुके जिथे दाटीने आढळतात तो पट्टा संशयित धरायचा, हे फास्ट (२०११) आणि फास्टर (२०१६) या साधनांचे सूत्र.

पट्टा सापडतो, पण खरी डोकेदुखी त्याच्या हद्दीची. लॅम्डा फाज ई. कोलायच्या गॅल आणि बायो जनुकांच्या मधे शिरतो व त्याच्या दोन्ही टोकांना तोच १५ अक्षरी क्रम उरतो. इंटिग्रेज हे शिरकाव घडवणारे जनुक एका टोकालगत असते. दोन्ही टोकांचा सारखा क्रम आणि लगतचे इंटिग्रेज, ही जोडी जुळली की हद्द पक्की. मात्र पुनरावृत्त क्रम आखूड असला की फसगत होते: दहा अक्षरांचा एखादा तुकडा ४६ लाख अक्षरी जीनोममध्ये निव्वळ योगायोगानेही चारेक वेळा सापडू शकतो.

साम्यशोधाला ओळखीचेच विषाणू दिसतात. मानवी आतड्यातला क्रॅसफाज २०१४ मध्ये उजेडात आला, तेव्हा त्याच्या बहुतेक प्रथिनांना माहितीसाठ्यात जोडच नव्हती. व्हायरफाइंडर (२०१७) हे साधन म्हणूनच जनुके बाजूला ठेवून छोट्या अक्षरगटांची वारंवारता मोजते. तुकडा आखूड असला की तेही डगमगते. प्लाझ्मिडांना, म्हणजे जीवाणूतल्या गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनएंना, विषाणू समजण्याची चूक तर नेहमीचीच. जीनोमॅड हे साधन दोन्ही वेगळे ओळखायचा प्रयत्न करते.

सापडलेला प्रोफाज जिवंत आहे का, हे मात्र नुसत्या क्रमावरून सांगणे अवघड. ई. कोलाय के-१२ मधला रॅक हा असाच मोडका अवशेष आहे. फाज सुटून वाढू लागला, तर त्या पट्ट्यावर शेजारच्या भागापेक्षा कितीतरी जास्त वाचने (डीएनएचा क्रम वाचताना मिळणारे छोटे तुकडे) जमतात. हा फरक कच्च्या विदेतही दिसतो.