‘निगेटिव्ह’ रिपोर्ट आणि बंद केलेली गोळी : हिपॅटायटिसच्या उपचारांची पार्श्वभूमी

हिपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज; त्यातल्या सी विषाणूमुळे होणाऱ्या हिपॅटायटिस सीचा उपचार आज बारा आठवड्यांत, बहुतेकांना कामाचा एकही खाडा न पडता पुरा होतो. तरीही मिरज, कराड, साताऱ्याच्या दवाखान्यांत ‘औषध झेपेल का’ हा प्रश्न आधी येतो. ही भीती आजच्या गोळ्यांची नाही. घरातल्या किंवा भावकीतल्या कोणीतरी साधारण २००२ ते २०१४ या काळात जी इंजेक्शने घेतली, त्यांची ती आठवण आहे.

त्याआधीचे थोडक्यात सांगता येते. सी विषाणूची ओळख पटली १९८९ मध्ये, शरीराची विषाणूविरुद्धची प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांना सीसाठी मान्यता मिळाली १९९१ मध्ये, जोडीला रिबाव्हिरिन हे तोंडाने घ्यायचे औषध आले १९९८ मध्ये. भारतात रक्तपेढ्यांमध्ये सीची तपासणी सक्तीची झाली ती २००१ साली. त्यामुळे त्यापूर्वी बाळंतपणात किंवा अपघातात रक्त चढवलेले लोक पुढे दहा-वीस वर्षांनी, सूज पोटावर दिसू लागल्यावर सापडत राहिले.

आठवड्यातून एकदाच टोचायचे पेगिलेटेड इंटरफेरॉन आले आणि उपचाराला एक चाकोरी मिळाली. विषाणूच्या भारतात जास्त आढळणाऱ्या जनुकीय प्रकार ३ ला चोवीस आठवडे, प्रकार १ ला अठ्ठेचाळीस. अर्धा मिली द्रवात १८० मायक्रोग्रॅम औषध, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली, दर वेळी जागा बदलून. बरेच जण शनिवारची संध्याकाळ धरत. रात्री हुडहुडी भरून ताप, सांधे ठणकणे, आणि रविवार अंथरुणात. तासभर आधी पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली तर हा जोर कमी होई. पण यकृत आधीच दुखावलेले असल्याने दिवसाला दोन ग्रॅमच्या वर जायचे नाही, असे बजावले जाई. पहिल्या तीन-चार सुयांनंतर ताप बहुधा उतरे. थकवा, तोंडाची चव जाणे, केसांचे पुंजके कंगव्यात येणे आणि वजन घटणे मात्र शेवटपर्यंत साथ करी.

औषध २ ते ८ अंशांत ठेवायचे आणि गोठू द्यायचे नाही, ही अट जत-आटपाडीकडच्या रुग्णांना सुईपेक्षा जड गेली. मे महिन्यात मिरजेहून एसटीने निघालेली सिरिंज थर्मासमध्ये थेट बर्फावर टेकवली की गोठे. म्हणून बर्फाची पिशवी आणि औषध यांच्यामध्ये वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या घालायच्या. घरच्या फ्रिजमध्ये दारात नाही, फ्रीजरच्या लगत खालीही नाही, मधल्या कप्प्यात. त्यात तो भारनियमनाचा काळ. बिघडलेले औषध दिसायला बऱ्याचदा स्वच्छच असे. मग बाराव्या आठवड्याला विषाणूचे प्रमाण निदान शंभरपटीने खाली आले नसेल तर उपचार थांबवायचा, असा दंडक होता. विषाणू चिवट निघाला की फ्रिज बंद पडला होता, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नसे.

रिबाव्हिरिनचा त्रास वेगळा. ते तांबड्या पेशी फोडते. पहिल्या महिन्यातच हिमोग्लोबिन दोन-तीन ग्रॅमने खाली येई. मग घरचे लोक लोहाच्या गोळ्या, खजूर, बीट सुरू करत. याचा उपयोग नव्हता, कारण शरीरात लोह कमी पडलेले नसते, पेशी वेळेआधी फुटत असतात. खरा उपाय डोस उतरवण्याचा: हिमोग्लोबिन १० च्या खाली गेले की दिवसाला ६०० मिलिग्रॅम, साडेआठच्या खाली गेले की बंद. इंटरफेरॉनचेही असेच: न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ७५० च्या खाली गेल्या की मात्रा १३५ मायक्रोग्रॅमवर, प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली गेल्या की ९० वर. रिबाव्हिरिनने गर्भाला व्यंग येते, म्हणून उपचार संपल्यावरही सहा महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत. ही सूचना पुरुष रुग्णालाही तितकीच लागू होती. ती त्याच्या बायकोपर्यंत पोचायला हवी, याकडे नेहमीच लक्ष दिले गेले असे म्हणता येत नाही.

रक्ताच्या आकड्यांत न दिसणारी गोष्ट म्हणजे मन. कारण नसताना रडू, झोप उडणे, पोराबाळांवर खेकसणे. घरच्यांना तो स्वभाव वाटे आणि रुग्णाला आपला कमकुवतपणा. प्रत्यक्षात तो औषधाचा परिणाम होता, आणि जिवावर बेतू शकणारा होता. अर्ध्यावर सोडणाऱ्यांना पुढे ‘धीर धरला नाही’ म्हणून बोल लागला. तो अन्यायच होता.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफॉसबुव्हिर ही सीवरची गोळी मंजूर झाली. किंमत गोळीला हजार डॉलर, म्हणजे बारा आठवड्यांना ८४ हजार. सप्टेंबर २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले आणि २०१५ मध्ये अठ्ठावीस गोळ्यांची बाटली इकडे वीस हजारांच्या आसपास आली, पुढे उतरतच गेली. मधल्या सव्वा वर्षात ‘सुया सुरू करायच्या की थांबायचे’ हा पेच होता. यकृत फारसे बिघडले नसेल तर थांबणे शहाणपणाचे ठरले. सिरॉसिस झालेल्यांना, म्हणजे यकृत व्रण पडून घट्ट झालेल्यांना, मात्र थांबायला तेवढी सवड नव्हती.

२८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागल्या. सिरॉसिस नसेल तर सोफॉसबुव्हिर ४०० आणि डॅक्लाटासव्हिर ६० मिलिग्रॅम, रोज एकदा, बारा आठवडे. सिरॉसिस असेल तर सोफॉसबुव्हिर-वेलपाटासव्हिर. त्रास म्हणजे डोके जड होणे, थकवा, थोडी मळमळ, कधी झोप न लागणे. अडचण येते ती इतर औषधांची. आपल्याकडे सकाळी उठल्या उठल्या पित्ताची गोळी घेणारे घरोघरी आहेत, आणि पोटातले आम्ल कमी झाले की वेलपाटासव्हिर नीट शोषलेच जात नाही. क्षयाचे रिफॅम्पिसिन, फिट्सवरचे फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन चालू असेल तर या गोळ्या देता येत नाहीत. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन असेल तर नाडी धोकादायक इतकी मंदावते. म्हणून पहिल्या भेटीला चिठ्ठी नव्हे, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच घेऊन जावी. सुरुवातीआधी हिपॅटायटिस बी या दुसऱ्या विषाणूची तपासणीही लागते. सी दबला की लपलेला बी उसळल्याच्या नोंदी झाल्या आणि २०१६ पासून तसा ठळक इशारा दिला जातो.

आता ज्या शब्दाने सर्वांत जास्त घोळ घातला आहे त्याकडे. ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला’ या वाक्याचे निदान चार अर्थ होतात.

सीमध्ये शेवटच्या गोळीनंतर बारा आठवड्यांनी रक्तात आरएनए, म्हणजे विषाणूचे जनुकीय द्रव्य, सापडला नाही, तर विषाणू गेला. पण अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची, साधी पट्टी त्यानंतरही कित्येक वर्षे पॉझिटिव्हच दाखवते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी किंवा परदेशी नोकरीच्या तपासणीत ती पट्टी लावली जाते आणि बरा झालेला माणूस पुन्हा ‘सीवाला’ ठरतो.

बीमध्ये नेमके उलटे होते. डीएनए (बी विषाणूचे जनुकीय द्रव्य) निगेटिव्ह म्हणजे गोळीने विषाणू दाबून धरला आहे, एवढेच. पेशींच्या केंद्रकात त्याचा साचा शाबूत असतो. ई-अँटिजन, म्हणजे बी विषाणू रक्तात सोडतो ते एक प्रथिन, निगेटिव्ह हा तिसरा अर्थ, आणि तो निगेटिव्ह असूनही विषाणू भरपूर असू शकतो. विषाणूच्या पृष्ठभागावरचे अँटिजन, म्हणजे एचबीएसएजी, निगेटिव्ह होणे हा खरा निरोप. गोळ्यांवर तो थोड्यांच्याच नशिबी येतो.

भाषेनेही हातभार लावला आहे. कावीळ म्हणजे डोळे पिवळे; डोळे पिवळे न होता यकृत बिघडले तर ‘पांढरी कावीळ’, आणि कावीळ ‘उतरवतात’. माळ घालून, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन. २०१२ मध्ये शेजारच्या इचलकरंजीत पाण्यातून पसरली ती हिपॅटायटिस ई प्रकारची साथ होती. ई आणि ए बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, श्रेय माळेला जाते. पिवळी म्हणून हळद बंद आणि थंड म्हणून उसाचा रस चालू, हेही त्यातलेच. हळदीच्या पेठेच्या सांगलीतसुद्धा. त्यामुळे बीसुद्धा उतरली की संपली, हा समज पक्का बसतो.

बीवरच्या गोळ्यांचा इतिहासही या समजाला पोषकच होता. लॅमिव्हुडिन १९९८ चे. स्वस्त, त्रास जवळपास शून्य, पण पाच वर्षांत बहुसंख्य रुग्णांमध्ये विषाणू त्याला दाद देईनासा होई. ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून सोडायची सवय तेव्हाची. २००५ चे एंटेकाव्हिर आणि २००८ पासून बीसाठी टेनोफोव्हिर आले, आणि नव्या रुग्णांत हा प्रश्न जवळपास मिटला. एंटेकाव्हिर मात्र उपाशीपोटीच, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास. चहा-बिस्किटाबरोबर घेतले की शोषण घटते. टेनोफोव्हिरवर असताना रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) आणि लघवीतली प्रथिने वरचेवर पाहावी लागतात, कारण मूत्रपिंडाला आणि हाडांना थोडी झीज पोचू शकते.

म्हणजे इंटरफेरॉनच्या काळात उपचार सुटे तो त्रासामुळे. बीची गोळी आज सुटते ती त्रास नसल्यामुळे. विटा-खानापूर-आटपाडी भागातले गलाई (सोने-चांदी गाळण्याचे) व्यावसायिक वर्षाचे अकरा महिने परराज्यात असतात. जत्रेला गावी आले की रक्त तपासतात, डीएनए निगेटिव्ह दिसतो, बाटली संपते आणि पुढची घेतली जात नाही. पुढचे काही आठवडे किंवा महिने काहीच होत नाही. मग विषाणू परततो, एएलटी, म्हणजे यकृत दुखावल्याचा रक्तातला आकडा, दहा-वीस पटीने वर जाते. सिरॉसिस असेल तर पोटात पाणी आणि बेशुद्धी. गोळी थांबवण्याचा विचार काही निवडक रुग्णांत करतात, पण थांबवल्यावर पहिले सहा महिने दर महिन्याला तपासणी करायच्या बोलीवरच.

सी बरा झालेल्यांसाठी केंद्रातले अनुभवी कर्मचारी एक साधी गोष्ट करायला सांगतात. उपचार संपल्यानंतरच्या बाराव्या आठवड्याचा आरएनए रिपोर्ट फाइलमध्ये सर्वांत वर लावायचा, आणि त्यावर पेनाने उपचार संपल्याची तारीख घालायची. सिरॉसिस असेल तर त्याच्याच मागे दर सहा महिन्यांच्या सोनोग्राफीचे कागद, कारण विषाणू गेला तरी यकृतात कर्करोगाच्या गाठीचा धोका राहतो.