बंदी गेली, परवाना आणि कुलूप राहिलं

अमेरिकेत एखाद्या शहराने पिस्तुलाच्या परवान्याची अट घातली किंवा ते घरात कुलपात ठेवायला सांगितलं, की कोणीतरी दुसऱ्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन कोर्टात जातोच. आज हे नेहमीचं वाटतं, पण असे खटले जिंकता येतात हे २००८ पर्यंत कोणी फारसं धरून चाललं नव्हतं.

१७९१ ची ही दुरुस्ती जेमतेम एका वाक्याची आहे. त्या वाक्यात आधी सुव्यवस्थित मिलिशियाची, म्हणजे नागरिकांच्या फौजेची गरज सांगितली आहे आणि मग लोकांचा शस्त्र बाळगण्याचा हक्क. मग हा हक्क फौजेपुरता की प्रत्येकाचा? १९३९ च्या मिलर खटल्यात प्रश्न होता नळी कापून आखूड केलेल्या शॉटगनचा. त्या हत्याराचा मिलिशियाशी काय संबंध, असं सुप्रीम कोर्टाने विचारलं. पुढची अनेक दशकं बहुतेक खालची कोर्टं त्याच वाटेने गेली.

वॉशिंग्टन शहराचा १९७६ चा कायदा या काळातला. नव्या पिस्तुलाची नोंदणीच बंद, आणि नोंदणी नसलेलं शस्त्र ठेवणं गुन्हा. थोडक्यात, सरळ बंदीच. रायफल किंवा शॉटगन घरात ठेवायची, तर गोळ्या काढून आणि भाग सुटे करून किंवा चापाला कुलूप लावून.

२००३ मध्ये सहा रहिवाशांनी याला आव्हान दिलं. खर्च उचलला रॉबर्ट लेव्ही या वकिलाने. गंमत म्हणजे त्याने स्वतः कधी बंदूक बाळगली नव्हती. बाजू मांडली अ‍ॅलन गुराने. बंदूकवाल्यांची मोठी संघटना एनआरए सुरुवातीला साशंक होती: हरलो तर कायमचं हरू, ही भीती. पाच जणांचा दावा तांत्रिक मुद्द्यावर गळाला. उरला डिक हेलर, कारण त्याने रीतसर अर्ज केला होता आणि तो फेटाळला गेला होता. सरकारी इमारतीवर पहारा देताना त्याच्या कमरेला पिस्तूल असे, घरी मात्र ठेवायची मुभा नव्हती. खटल्यासाठी यापेक्षा सोयीचा माणूस मिळणं अवघड.

१८ मार्च २००८ च्या सुप्रीम कोर्टातल्या सुनावणीत गाडी कुलपावर आली. शहराचे वकील वॉल्टर डेलिंजर म्हणाले, आकड्यांचं कुलूप आहे, मला उघडायला तीन सेकंद लागले. न्या. स्कालिया यांनी पलंगाशेजारचा दिवा लावण्याची आठवण करून दिली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी पुढे जोडलं, मग वाचायचा चष्मा शोधायचा! कोर्टात हशा पिकला.

२६ जूनला ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला. हक्क व्यक्तीचा ठरला. बंदी गेली आणि कुलपाची सक्तीही गेली. पण स्कालियांच्या निकालात दोन दारं उघडी राहिली. मनमानी नसेल तर परवान्याला आमची हरकत नाही, असं हेलरच्या वकिलाने सुनावणीत मान्य केल्याने परवान्याचा प्रश्न कोर्टाने तपासलाच नाही. शिवाय अपघात टाळण्यासाठी शस्त्र कसं ठेवावं याचे कायदे आमच्या विवेचनाने बाद होत नाहीत, असंही त्यात लिहिलं होतं. पुढची भांडणं झाली ती या दोन दारांतूनच.

शहरंही कच्च्या गुरूची चेली नव्हती. २०१० मध्ये मॅकडोनाल्ड खटल्यात हाच हक्क राज्यांवर आणि शहरांवरही बंधनकारक ठरला, शिकागोची बंदी गेली. काही दिवसांतच शिकागोने नवा नियम केला: परवान्यासाठी गोळीबाराचा सराव सक्तीचा, आणि सरावाच्या रेंजला शहरात बंदी! २०११ मध्ये अपील न्यायालयाने ही बंदी अडवली. वॉशिंग्टननेही अटींची रांग लावली. २०१५ मध्ये बोटांचे ठसे आणि प्रशिक्षण टिकलं, पण दर तीन वर्षांनी फेरनोंदणी आणि महिन्याला एकच पिस्तूल ही मर्यादा गेली.

सॅन फ्रान्सिस्कोचं कुलूप मात्र टिकलं. तिथे पिस्तूल अंगावर नसेल तेव्हाच ते पेटीत किंवा चापाला कुलूप लावून ठेवायचं होतं. ही सवलत वॉशिंग्टनच्या कायद्यात नव्हती. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे प्रकरण ऐकायलाच नकार दिला; न्या. थॉमस आणि स्कालिया यांनी लेखी नाराजी नोंदवली.

याच थॉमस यांनी २०२२ मध्ये ब्रुएन खटल्याचा निकाल लिहिला. बाहेर पिस्तूल नेण्याच्या परवान्यासाठी खास कारण दाखवण्याची न्यूयॉर्कची अट रद्द झाली आणि कसोटीच बदलली. नियमाचा समाजाला फायदा किती, हे आता कोर्टाने तोलायचं नाही. नियम अमेरिकेच्या जुन्या परंपरेत बसतो का, एवढंच पाहायचं. सॅन फ्रान्सिस्कोचा नियम टिकला होता तो या तोलण्याच्याच जोरावर.

त्यामुळे वकील आता जुनी दप्तरं उपसतात. बॉस्टनच्या १७८३ च्या कायद्याने घरात भरलेली बंदूक न्यायला मनाई केली होती. हेलर खटल्यात असहमतीच्या निकालात न्या. ब्रेयर यांनी तो पुढे केला, तेव्हा ‘हा तर आगीपासून बचावाचा कायदा’ म्हणून स्कालियांनी तो बाजूला सारला होता. २०२४ च्या रहिमी निकालाने ८ विरुद्ध १ मतांनी कसोटी थोडी सैल केली: जुन्या कायद्याचं तंतोतंत जुळं सापडायची गरज नाही, तत्त्व जुळलं तरी पुरे. ते किती जुळायला हवं, यावर खालच्या कोर्टांत वाद चालू आहे.