‘द पॉइंट!’: टोक, मतलब आणि निवेदकाचा घोळ

अमेरिकी गायक-गीतकार हॅरी निल्सनच्या ‘द पॉइंट!’ या गाण्यांतून गोष्ट सांगणाऱ्या अल्बमबद्दल मराठीत सांगायचं तर पहिली पंचाईत नावापाशीच होते. इंग्रजीत ‘पॉइंट’ म्हणजे टोक आणि मतलबही, आणि सगळी गोष्ट या कोटीवर उभी आहे. टोकदार डोक्यांच्या गावात गोल डोक्याचा ऑब्लिओ जन्मतो. टोक नाही म्हणून खटला चालतो आणि ॲरो या कुत्र्यासकट त्याची रवानगी रानात होते. ‘टोक’ म्हटलं तर मतलब निसटतो, ‘मुद्दा’ म्हटलं तर डोकं. आपल्याकडे ही कोटी टोकावर होत नाही, बुडावर होते: बिनबुडाचं भांडं, बिनबुडाचं बोलणं. म्हणून ‘पॉइंट’ तसाच ठेवलेला बरा. ‘त्यात काही पॉइंट नाही’ असं आपण रोज म्हणतोच. रानात सगळीकडून टोकं असलेला एक इसम भेटतो. त्याचं म्हणणं, सगळ्या दिशांना टोक असणं आणि एकही नसणं सारखंच!

एलएसडी या भास घडवणाऱ्या अमली पदार्थाच्या अमलात असताना झाडं, फांद्या, घरं सगळीच टोकदार दिसली, त्यातून कल्पना सुचली, हे निल्सनचंच सांगणं. १९७०च्या सुरुवातीला त्याने दुसऱ्या एका गीतकाराच्या गाण्यांचा अल्बम केला होता. त्यात स्वतःच्याच गळ्याचे थर एकावर एक चढवले होते. तो हात इथे कामी आला. वर्षअखेरीस ‘द पॉइंट!’ निघाला, सोबत चित्रकथेची पुस्तिका.

रचना काटेकोर आहे: ७ गाणी, ७ निवेदनं, एकाआड एक. शफल लावलं की गोष्ट मोडते. निवेदनं गाळली तर ‘थिंक अबाउट युअर ट्रबल्स’ अधांतरी लटकतं. या गाण्यात चहाच्या कपात पडलेला अश्रू नदीत, समुद्रात, माशाच्या आणि मग देवमाशाच्या पोटात फिरून नळावाटे पुन्हा किटलीत येतो.

खरा वाद निवेदकाचा. अल्बममध्ये निल्सन स्वतः बोलतो. २ फेब्रुवारी १९७१ला अमेरिकी दूरचित्रवाणीवर आलेल्या ॲनिमेशनपटात मुलाला गोष्ट सांगणाऱ्या बापाचा आवाज अभिनेता डस्टिन हॉफमनचा होता. पण त्याचा करार पहिल्या प्रक्षेपणापुरताच! पुढे चित्रं तीच राहिली, आवाज बदलत गेले. घरगुती व्हिडिओवर ‘बीटल्स’चा ड्रमर रिंगो स्टार आला आणि अनेकांना तोच मूळचा वाटतो. हॉफमनचा की रिंगोचा, ही भांडणं चालू द्यावीत. गाणी ज्याच्या बोलण्याच्या लयीतून उगवतात, तो आवाज निल्सनचाच.

अल्बममधलं ‘मी अँड माय ॲरो’ हे गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ३४व्या क्रमांकापर्यंत गेलं. पुढे ‘ॲरो’ नावाच्याच मोटारीच्या जाहिरातीलाही ते लागलं. १९७७मध्ये लंडनला ‘द पॉइंट!’चं संगीतनाटक झालं. तिथे निवेदक पुन्हा वेगळाच.